उतरताना धरणारा पाटा

डॉक्टर ‘व्हीलचेअर’ म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. जिच्या पायाबद्दल बोलणं चाललं होतं ती माझी ताई शेजारी बसून शांतपणे पदराने चष्मा पुसत होती. भांडायला मीच सुरुवात केली. डॉक्टर बिचारे सरळ सांगत होते. लहानपणी पोलिओ झालेल्या बऱ्याच जणांचा पाय पन्नाशीच्या आसपास पुन्हा अशक्त व्हायला लागतो. पायाला बांधायचा हा लोखंडी कॅलिपर आता यांना झेपणार नाही. काही हलकं मिळालं तर बघा, नाहीतर व्हीलचेअर. मी विचारलं, ‘‘हलकं म्हणजे किती हलकं?’’ डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

ताई कांदिवलीच्या एका शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, शाळेला लिफ्ट नाही. तळमजल्यावर बालवाडी आणि पहिली भरते, आणि तिथे गणिताच्या बाईंचं काही काम नसतं. तेव्हा हिशेब अगदी सोपा होता. जिना चढता-उतरता आला तर शाळा, नाहीतर घर. आम्ही दोघीच बोरिवलीला राहतो. घरी बसलेली ताई कशी असेल याची मला कल्पनाच करवेना. रिक्षात मी तिला म्हटलं, ‘‘मी बनवते तुला नवा पट्टा.’’ ती म्हणाली, ‘‘बघ बाई. तुझ्या त्या बादल्यांच्या फॅक्टरीत जमतं का ते.’’

आम्ही बादल्या बनवत नाही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक गाळा आहे, म्हणजे शेठजींचा. मी तिथे वीसेक वर्षं नोकरी करते. यंत्रांवरची आवरणं, हवा खेचणाऱ्या नळ्या, आणि अलीकडे एक्स-रेच्या टेबलांच्या कार्बनच्या फळ्या, असला आमचा माल. धाग्यांचं कापड आणि त्याला धरून ठेवणारं रेझिन, दोन्ही मिळून जे तयार होतं त्याला कॉम्पोझिट म्हणतात. इमारतीतल्या बायकांना हे सांगून सांगून मी थकले, म्हणून बादल्या. पण मला या मालाचं वेड आहे ते एका गोष्टीसाठी. लोखंड सगळ्या बाजूंनी सारखंच हट्टी. आमच्या मालाला मात्र सांगता येतं, इकडून वाक, तिकडून अजिबात वाकू नकोस. कुठला थर कुठल्या दिशेने ठेवायचा एवढंच ठरवायचं असतं. त्या एवढ्याशा ठरवण्यात माझी सगळी उमेदीची वर्षं गेली आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

शेठजींनी रविवारी भट्टी आणि व्हॅक्युम पंप वापरायला दिला. सोमवारी सकाळी जागा होती तशी पाहिजे, एवढीच त्यांची अट. माझ्या मदतीला आमचे जुने कारागीर आले. त्यांना सगळा गाळा मामा म्हणतो. मराठवाड्यातून आलेला हा माणूस तीस वर्षं काचेचं कापड आणि रेझिन हाताळतोय. काचेच्या धाग्यांची बारीक कुसळं कातडीत शिरतात आणि दिवसभर खाज सुटते, म्हणून मामा काम सुरू करण्याआधी कोपरापर्यंत खोबरेल तेल चोळतात. गाळ्यात शिरलं की आधी तेलाचा वास येतो, मग रेझिनचा.

ताईच्या पायाचा प्लॅस्टरचा साचा घेतला. डॉक्टरांनी त्यावर कुठे टेकायचं, कुठे मोकळं ठेवायचं ते पेन्सिलीने आखून दिलं. पुढे सगळं माझं होतं. तळव्याखाली एक पातळ पट्टी, टाचेमागून वर जाणारा वाकडा दांडा आणि पोटरीला धरणारी कमान. टाच टेकली की दांडा वाकेल, पाऊल पुढे गेलं की तो सरळ होताना पायाला ढकलेल. स्प्रिंगसारखं. मी चार रात्रींची झोप घालवून थरांचा क्रम ठरवला होता आणि त्या ढकलण्याचा मला फार अभिमान वाटत होता.

कापड कापायचं काम ताईने मागून घेतलं. शाळेच्या गॅदरिंगचे कपडे वर्षानुवर्षं तीच शिवते, तिच्या कात्रीला जवाब नाही. मी खाकी कागदावर आकार काढून दिले. शनिवारी संध्याकाळी मी भाजी आणायला जायचे, आणि येईपर्यंत जेवायच्या टेबलावर कार्बनचे काळे तुकडे वर्तमानपत्रात नीट रचून ठेवलेले असायचे. कार्बनचं कापड भयंकर द्वाड. कापलं की कडेचे धागे सुटून हातभर लोंबतात. ताईच्या तुकड्यांचा एकही धागा सुटलेला नव्हता. मी म्हटलं, ‘‘झकास! ताई, तू आमच्या गाळ्यात ये.’’ ती खुश झाली.

पहिला पट्टा ताईने घरात आणि इमारतीच्या आवारात वापरला. आठव्या दिवशी घोट्याजवळ कट्ट असा आवाज आला आणि वहीची पानं सुटावीत तसे थर कडेपासून सुटले. मी म्हटलं, दमट हवा. मुंबईत दुसरं आहे काय! कापड भट्टीत वाळवलं, गाळ्याची खिडकी बंद केली, रेझिन बदललं. दुसरा पट्टा बनवला. तोही तिथेच, तसाच उघडला.

मग मी मामांवर घसरले. सोमवारची सकाळ, सगळे हजर होते. मामा नेहमीप्रमाणे हाताला तेल चोळत होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘मामा, तुमच्या या तेलाने माझ्या बहिणीच्या पायाची वाट लागली. तेलकट हात कार्बनला लागला की रेझिन धरत नाही, हे तुम्हाला कळत नाही का?’’

मामा म्हणाले, ‘‘मॅडम, तीस वर्षं तेल लावतोय.’’

‘‘काचेच्या जाड मालात खपून जातं. हा पायाचा पट्टा आहे, दिवसातून हजार वेळा वाकतो.’’

मामांनी हात पुसले. बाटलीला झाकण लावलं आणि बाटली खिडकीत ठेवून दिली. त्या दिवसापासून ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून काम करू लागले. संध्याकाळी हात धुताना मी त्यांचे कोपर पाहिले, लालभडक झाले होते. मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही. माझ्यात हा दोष लहानपणापासून आहे, ताई त्याला घोड्याची झापडं म्हणते.

तिसरा पट्टा दिसायला देखणा झाला. दहा दिवस टिकला. ताई म्हणाली, ‘‘आता मी हा शाळेत घालते.’’ मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी शाळेतून फोन आला. दुसऱ्या मजल्यावरून उतरताना पट्टा फुटला आणि ताई जिन्यातच बसली. कोपर खरचटलं होतं, बाकी ठीक. पण सुटीची वेळ होती, सगळी मुलं जिन्यात होती, आणि तिला दोन शिक्षकांनी काखेत हात घालून खाली आणलं होतं. मी तिला रिक्षाने घेऊन आले. घरी आल्यावर तिने जुना लोखंडी कॅलिपर चढवला, टेबलाशी बसली आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहायला घेतला.

‘‘मला आठ दिवस दे,’’ मी म्हटलं.

‘‘कशाला? आणखी एकदा पाडायला?’’

मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. त्यावर तिने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण अर्ज तिने बाजूला ठेवला, आणि म्हणाली, ‘‘सोमवार. पुढच्या सोमवारपर्यंत.’’

दुसऱ्या दिवशी गाळ्यात मी तिन्ही फुटके पट्टे टेबलावर मांडले आणि हॅक्सॉच्या करवतीने आडवे कापले. आजवर मी फक्त फुटलेली जागा पाहत होते. कापून आतलं पाहायची लाज वाटत होती, हेच खरं. मधोमध सगळे थर एकजीव होते, पटाशी घालूनही सुटेनात. उघडले होते ते फक्त कडेला, दोन बोटं. तेलाचा हात कुठेही लागला असता, मधेही लागला असता. तो बरोबर कडेकडेने का लागेल? मी सुटलेल्या थरावर नख फिरवलं. काळ्या कार्बनवर पांढुरकी रेघ उमटली आणि नखात काहीतरी गुळगुळीत आलं. मी ते बोटात चोळलं, वास घेतला. मेण.

आमच्या धंद्यात साच्याला मेण फासतात. का, तर मेणाला रेझिन चिकटत नाही, माल साच्यातून अलगद सुटून येतो. हे कामाला लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. आणि माझ्या पट्ट्याच्या प्रत्येक थराला कडेने मेण होतं. भट्टीच्या उष्णतेने ते वितळून आत पसरलं होतं. मी खुर्चीत बसले. साटीनच्या झग्यांच्या कडा उसवू नयेत म्हणून मेणबत्तीचा तुकडा कडेवरून फिरवणारी ताई मी शंभर वेळा पाहिली होती. एकही धागा न सुटलेले ते तुकडे! वीस वर्षं असली कापडं हाताळणाऱ्या मला, ताईला हे कसं जमलं असेल, असा साधा प्रश्न पडू नये? मी नुसती वाहवा करून मोकळी झाले होते.

आधी मामांकडे गेले. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांना बोलावून सांगितलं की चूक माझ्या घरची होती, मामांची नव्हती, आणि मी त्यांची माफी मागते. मामा खिडकीकडे बघत म्हणाले, ‘‘मग आता तेल लावू का?’’

‘‘लावा मामा. फक्त कार्बनला हात लावण्याआधी साबणाने धुवा.’’

‘‘म्हणजे थोडं माझंपण चुकत होतं.’’

‘‘थोडं,’’ मी म्हटलं, आणि गाळ्यात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं.

मामांचं सोपं होतं. घरी जाताना मेट्रोत मी मनाशी ठरवत होते, ताईला सांगायचं नाही. आपल्याच हाताने आपण पडलो हे तिला कशाला कळायला पाहिजे? म्हणून घरी गेल्यावर सहज म्हणाल्यासारखं म्हटलं, ‘‘या वेळी कापड मी गाळ्यातच कापते.’’

ताई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. ‘‘माझं काय चुकलं ता सांग.’’ ती चिडली की मालवणी बाहेर येते.

‘‘काही नाही गं.’’

‘‘सत्तावीस वर्षं पोरांची तोंडं वाचतंय मी. सांग.’’

मग सांगितलं. मेण, भट्टी, सुटलेल्या कडा, सगळं. ती ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी करपली, तिने ती उलटलीही नाही. शेवटी म्हणाली, ‘‘म्हणजे मी माझ्यामुळे पडले.’’

‘‘माझ्यामुळे पडलीस. मेण चालत नाही हे मी तुला सांगितलं नव्हतं. कडा इतक्या नीट कशा, हे विचारलंही नाही.’’

‘‘तू काहीच विचारत नाहीस!’’ ती केवढ्याने ओरडली! ‘‘माझ्या पायाचा साचा काढलास, वजन घेतलंस, फोटो काढलेस. तीन महिने माझा पाय तुझ्या टेबलावर आहे. जिन्यात मला नेमकं काय होतं, हे एकदा तरी विचारलंस?’’

‘‘चढताना त्रास होतो...’’

‘‘चढताना कसला त्रास? कठडा धरते आणि ओढत जाते वर, जन्मभर चढतेय. भीती उतरताना वाटते गो. चांगला पाय खालच्या पायरीवर टाकताना सगळं वजन या पायावर येतं. घोटा पुढे कोसळतो आणि गुडघा त्याच्यामागे पळतो. तुझा पट्टा आधी सगळं सोडून देतो आणि मग मागून ढकलतो. फुटला नसता तरी एक दिवस मी त्याने पडलेच असते.’’

मला तोंडात मारल्यासारखं झालं. ज्या ढकलण्याचा मला एवढा अभिमान होता, तेच तिला नको होतं. मी तव्याखालचा गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. वही घेतली. ‘‘पहिल्यापासून सांग. पाय खाली जाताना आधी काय होतं?’’ ती बोलत गेली, मी लिहीत गेले. उठून तिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून करूनही दाखवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून. त्या रात्री जेवण झालं ते करपलेल्या भाकरीचं.

तिला पाहिजे होता तो पट्टा सुरुवातीला थोडं सोडणारा आणि मग घट्ट धरणारा होता. जेवढं वजन जास्त तेवढी पकड जास्त. नुसते थर वाढवले तर पट्टा सुरुवातीपासूनच ताठ होत होता, सपाट जमिनीवर चालताना लाकडी पाय लावल्यासारखं झालं असतं. मी दोन दिवस कागद फाडले. तिसऱ्या दिवशी मामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ‘‘मॅडम, ट्रकखालचे पाटे बघितलेत का? गाडी रिकामी असली की पहिला पाटा काम करतो. माल भरला की तो वाकून दुसऱ्यावर टेकतो, मग गाडी बसत नाही.’’

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एकाऐवजी दोन दांडे. एक काचेच्या कापडाचा, लवचिक. दुसरा कार्बनचा, ताठ. दोघांत कणभर फट. घोटा थोडा वाकेपर्यंत काच सांभाळेल, त्यापुढे कार्बन टेकेल आणि धरेल. माझ्या डोक्यात नुसती स्प्रिंग बसली होती म्हणून हे मला दिसलं नव्हतं. मामा कधी कॉलेजात गेले नाहीत, पण लहानपणी त्यांनी गावाकडे ट्रकखाली झोपून दुरुस्ती करत बरीच वर्षं काढली होती.

कापड ताईनेच कापलं. मी नाही म्हणणार नव्हते, आणि मी नाही म्हटलं असतं तर तिने ऐकलंही नसतं. हात साबणाने दोनदा धुतले, टेबल पुसलं, मेणबत्ती कपाटात ठेवली. धागे सुटून लोंबायला लागल्यावर तिचा जीव वरखाली होऊ लागला. ‘‘बघवत नाही हे.’’ मी म्हटलं, ‘‘सुटू देत. कापताना चार बोटं जास्त ठेव, आम्ही नंतर घासून काढतो.’’ ती कुरकुरत कापत राहिली.

सोमवार उजाडला तेव्हा पट्टा तयार होता, पण मी तो तिला दिला नाही. ‘‘अर्ज आणखी दोन आठवडे थांबव,’’ मी म्हटलं, आणि या वेळी कारण सांगितलं, पट्टा आधी यंत्रावर वाकवून बघायचा होता. गाडीच्या वायपरच्या मोटरला आम्ही एक दांडी जोडली होती. ती पट्टा सतत वाकवायची आणि सोडायची. कामाच्या सगळ्या वेळात गाळ्याच्या कोपऱ्यात तिची कुरकुर चालू असायची. फट किती ठेवायची ते दोनदा चुकलं, दोनदा नवीन दांडा बनवला. रोज जेवायच्या सुटीत मी नखाने कडा तपासायचे. तपासणी मी एकटीनेच करायची असं ठरवलं होतं, पण मामा माझ्याआधीच वाकून बघत असायचे. ताईही एका शनिवारी रिक्षाने मरोळला आली, मोटरसमोर खुर्ची टाकून बसली आणि तासभर आपला पाय वाकताना बघत राहिली. जाताना म्हणाली, ‘‘डाव्या बाजूला थोडा कमी धरतो. बघ.’’ मी मोजून पाहिलं. तिचं बरोबर होतं. पुन्हा एक दांडा.

डॉक्टरांनी तो पायाला लावून बघितला, चालवलं, दवाखान्याच्या चार पायऱ्या उतरायला लावल्या. या वेळी ते हसले नाहीत. ‘‘रोज कातडी तपासा, कुठे लाल होत नाही ना,’’ एवढंच म्हणाले.

शाळेत ती घालून गेली त्या दिवशी मी रजा टाकली. तिला सांगितलं नव्हतं. सुटी व्हायच्या आधी शाळेत पोचले आणि जिन्याच्या तळाशी उभी राहिले, पहिल्या पायरीच्या अगदी समोर, हात थोडे पुढे करून. लहानपणी चाळीच्या जिन्यात आई मला असंच उभं करायची, ताई उतरते, खाली थांब. पडली तर धर.

ताई वळणावर दिसली. तिने कठडा धरला नव्हता. धरायला हातच मोकळे नव्हते. दोन्ही हातांनी तिने तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा छातीशी कवटाळला होता. आयुष्यात मी तिला जिन्यात काही घेऊन उतरताना पाहिलं नव्हतं. एक पायरी. घोटा थोडा वाकला, दुसरा पाटा टेकला, आणि गुडघा जागच्या जागी थांबला. दुसरी पायरी. माझे हात तसेच पुढे होते. ती शेवटच्या पायरीवर येऊन थांबली. तिच्यामागे जिना भरून मुलं उभी होती, बाईंना कुणी ढकलत नव्हतं, पण सगळ्यांना घरी जायचं होतं.

‘‘इथे काय करतेस?’’ ताई म्हणाली.

मी नुसते हात दाखवले.

तिने माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गातला होता. ‘‘बाजूला हो गं. वाटेत उभी आहेस.’’

मी बाजूला झाले.